ड्रोनच्या बॅटऱ्यांसाठी फायरप्रूफ बॅग: घ्या, पण नावावर जाऊ नका

दादाच्या ड्रोनच्या स्पेअर लिपो (लिथियम-पॉलिमर) बॅटऱ्या घरात कुठेही पडलेल्या असायच्या म्हणून ही बॅग ऑनलाइन मागवली. फायबरग्लासचं कापड जाड आहे, शिलाईपण ठीक, पण तोंडाला नुसतं वेल्क्रो, आणि ते कोपऱ्यात नीट चिकटतच नाही, बोट आरामात आत जातं. आता बॅटरी पेटलीच तर ज्वाळा आणि धूर तिथूनच बाहेर येणार ना? त्यामुळे फायरप्रूफ वगैरे विसरा, आग पसरायला जरा वेळ लागेल एवढंच समजा.

बाकी काम आपल्यालाच करायचंय. फुल चार्ज करून ठेवू नका, सेलमागे ३.८ व्होल्टच्या आसपास ठेवा, चार्जरला स्टोरेज मोड असतो तो वापरा. कनेक्टरला कॅप नाहीतर टेप लावा. फुगलेली बॅटरी यात अजिबात जपून ठेवायची नाही, ती ई-कचऱ्यात. आणि बॅग माळ्यावर नको, आमच्या नागपुरात मे महिन्यात पत्र्याखाली काय भट्टी होते ते सांगायला नको, खाली फरशीवर, पडद्यांपासून लांब ठेवा.

पाचपैकी तीन स्टार, चेन असती तर चार दिले असते.