माजी विद्यार्थी संघाचे आजीव सदस्यत्व : हजार रुपयांत काय मिळते?

यवतमाळ जिल्ह्यातील आमच्या तालुक्याच्या गावी असलेल्या ज्या महाविद्यालयातून मी २००३ साली बी.कॉम. झालो, त्याच्या माजी विद्यार्थी संघाचा मी दोन वर्षांपूर्वी हजार रुपये भरून आजीव सदस्य झालो. पैसे भरावेत की नाही, असे ओळखीचे बरेच जण विचारतात, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

सदस्य होणे अगदी सोपे आहे. अमेरिकेत काही विद्यार्थी संघांचा थाट निराळा असतो. १९०८ साली वॉशिंग्टनच्या हॉवर्ड विद्यापीठात स्थापन झालेल्या अल्फा काप्पा अल्फा या विद्यार्थिनींच्या भगिनीसंघात (सोरॉरिटी) शिक्षण संपल्यावरही पदवीधर स्त्रियांना घेतात, पण निमंत्रणावाचून नाही. आमच्याकडे पदवीची झेरॉक्स, दोन फोटो आणि पैसे एवढ्यावर काम भागते. अर्जात मात्र ‘सध्याचे पद’ आणि ‘कंपनीचे नाव’ असे दोनच रकाने होते. ‘‘नोकरी कुठी हाये भाऊ?’’ असे बाबूंनी विचारले, आणि शेती करतो म्हटल्यावर क्षणभर पेन थांबवून त्यांनी दोन्ही रकान्यांत एकेक आडवी रेघ ओढली. पुढे छापलेल्या सदस्य यादीतही माझ्या नावापुढे तीच रेघ आली.

स्नेहमेळावा दिवाळीच्या सुट्टीत ठेवतात, कारण पुण्या-मुंबईची मंडळी तेव्हाच गावी येतात. नेमक्या त्याच आठवड्यात आमची सोयाबीनची सोंगणी आटोपलेली असते आणि मळणी यंत्राची पाळी लागलेली असते. पहिल्या वर्षी पाळी सोडून मी गेलो. दोन तास सत्कार झाले, मग पाच वक्त्यांनी विद्यार्थ्यांना करिअरचे मार्गदर्शन केले. ते पाचही शहरातले नोकरदार होते आणि समोर बसलेली बहुतेक मुले शेतकऱ्यांची होती. आलू-वांग्याची भाजी, वरण-भात आणि बुंदी, ही पंगत मात्र उत्तम होती.

एरवी संघ शांत असतो. महाविद्यालयांचा दर्जा तपासणाऱ्या ‘नॅक’ या राष्ट्रीय संस्थेच्या मूल्यांकनातील पाचव्या निकषात माजी विद्यार्थ्यांच्या सहभागाचा विचार होत असल्यामुळे समिती येण्याच्या सुमारास संदेशांचा पाऊस पडला आणि समिती गेल्यावर तो थांबला. वार्षिक हिशेबही मला मागितल्यावरच मिळाला. आणखी एक गैरसमज दूर करतो : या सदस्यत्वाने कोणी विधान परिषदेच्या पदवीधर मतदारसंघाचा मतदार होत नाही, त्यासाठी पदवीला तीन वर्षे झाल्यावर नमुना १८ वेगळा भरावा लागतो. विद्यापीठाच्या अधिसभेवर (सिनेटवर) नोंदणीकृत पदवीधरांच्या १० जागा असतात, त्यांच्या मतदानाची नोंदणीही निराळीच.

असे असूनही मी पैसे वाया गेले म्हणणार नाही. ओळखपत्रावर ग्रंथालयाची अभ्यासिका खुली होते, आणि स्पर्धा परीक्षेची तयारी करणाऱ्या माझ्या धाकट्या भावाने, तोही इथलाच पदवीधर, सदस्य होऊन तिचा पुरेपूर उपयोग केला. आमच्या गावच्या एका मुलीचे परीक्षा शुल्क अडले होते, तेव्हा संघाने एका अर्जावर आठ दिवसांत ते भरले आणि त्याचा कुठे फोटोही छापला नाही. गावातच राहिलेल्या सदस्याने मेळाव्यासाठी नव्हे, तर अशा कामासाठी सदस्य व्हावे, आणि सर्वसाधारण सभेला जाऊन हिशेब मागावा.

रकान्यांबद्दल मी लेखी तक्रार दिली होती. यंदाच्या अर्जात ‘व्यवसाय’ असा रकाना आला आहे. जुन्या सदस्यांच्या नावापुढील रेघा मात्र यादीच्या पुढील छपाईपर्यंत तशाच राहतील, असे मला कळवण्यात आले.