कॉकस की प्रायमरी? उमेदवार निवडायचा कसा

अमेरिकेत राष्ट्राध्यक्षपदाचा उमेदवार पक्ष ठरवतो म्हणजे नेमकं कोण ठरवतं? 1968 ला तेव्हाचा उपाध्यक्ष ह्युबर्ट हम्फ्रीने एकही प्रायमरी (पक्षाचा उमेदवार निवडायला राज्यात होणारं मतदान) लढवली नाही तरी डेमोक्रॅट्सनी त्यालाच तिकीट दिलं, शिकागोत पक्षाच्या अधिवेशनावेळी राडा झाला, आणि मग नियम बदलले. तेव्हापासून मुख्य रस्ते दोनच: कॉकस, म्हणजे पक्षाच्या लोकांची स्थानिक सभा, आणि प्रायमरी.

आयोवा राज्यातला जुना डेमोक्रॅटिक कॉकस म्हणजे भारी प्रकार होता. थंडीत संध्याकाळी शाळेच्या जिममध्ये जमायचं, आपल्या उमेदवाराच्या कोपऱ्यात जाऊन उभं राहायचं, मग डोकी मोजणार, आणि बहुतेक ठिकाणी 15 टक्के नाही भरले की तुमचा गट बाद, लगेच शेजारीपाजारी "अरे ये की इकडे" करत ओढायला हजर. चर्चा व्हायची, मजा यायची, पण नाइट शिफ्टवाल्याने, तान्ह्या बाळाच्या आईने काय करायचं? आणि मत सगळ्यांसमोर, म्हणजे बॉस समोर उभा असेल तर झालंच कल्याण. 2016 ला काही ठिकाणी चक्क नाणं उडवून डेलिगेट (पक्षाच्या पुढच्या सभेला जाणारे उमेदवाराचे प्रतिनिधी) ठरवले (हो, छापा-काटा!), 2020 ला रिझल्टचं ॲपच गंडलं आणि निकाल कित्येक दिवस लटकला.

प्रायमरी त्यामानाने बोअर. जा, गुप्त मत टाका, घरी या. पण लोक जास्त येतात, म्हणूनच कोलोरॅडो, मिनेसोटा, वॉशिंग्टन ही राज्यं कॉकस सोडून तिकडे वळली. तोटा एकच, टीव्हीवरच्या जाहिरातींना पैसा लागतो, त्यामुळे खिसा रिकामा असलेला उमेदवार लवकर गळतो.

मला विचाराल तर प्रायमरीच, फक्त वर्षानुवर्षं आयोवासारख्या त्याच राज्यांना पहिला नंबर कशाला?