एसपीडी पेडल आणि कॅडन्स सेन्सर: पावसाळा, हिवाळा काढल्यानंतर

रोडबाईकला शिमानोचे ईएच५०० हे एसपीडी पेडल (बुटाच्या तळाची क्लीट, म्हणजे छोटी पट्टी, यात क्लिपसारखी अडकते) लावून आता अख्खा पावसाळा आणि हिवाळा झालाय, क्रँकला (पेडलच्या दांड्याला) कॅडन्स, म्हणजे मिनिटाला पेडलचे किती फेरे होतात ते मोजणारा सेन्सर पण आहे, तर जे घ्यायच्या विचारात आहेत त्यांच्यासाठी सविस्तर लिहितोय.

पहिलं म्हणजे क्लिपवाले पेडल घेतले की पाय वर ओढून एक्स्ट्रा पॉवर मिळते असं ग्रुप राइडला कोणी ना कोणी सांगतंच, ते डोक्यातून काढा. खरा जोर लागतो तो घड्याळातल्या एक ते पाचच्या मधे. मागून वर येणारा पाय नुसता हलका सोडायचा, म्हणजे दाबणाऱ्या पायाला त्याचं ओझं उचलावं लागत नाही. मुद्दाम खेचत बसलं तर जांघेतले स्नायू भरून येतात आणि धाप जास्त लागते. खालच्या टोकाला बुटाचा चिखल पायरीवर पुसतो तसा पाय मागे न्यायचा, बास.

मग पेडलचा उपयोग काय, तर पाय जागचा हलत नाही. साध्या पेडलवर कॅडन्स ९० च्या वर गेली की पाय उडायला लागतो, ओल्या रस्त्यावर तर सटकतोच, इथे तो प्रश्नच नाही. क्लीट मात्र नीट बसवून घ्या, चवड्याच्या खाली किंवा किंचित मागे, आणि पायाचा नैसर्गिक कोन असेल तसाच ठेवा, नाहीतर गुडघा बोलायला लागतो.

आता सेन्सर. माझ्या मते पेडलपेक्षा यानेच जास्त फरक पडला, कारण आकडा समोर दिसला की आपण किती जड गिअर रेटतोय ते कळतं. सपाटीला ८५-९० आरामात जमतं, पण सिंहगडच्या चढाला खरी परीक्षा. ३४-२८ वर (पुढच्या चकतीला ३४ दात, मागे २८) कॅडन्स ६० ठेवायची तर ताशी ९ किमी वेग लागतो, खड्या वळणांवर तेवढा टिकत नाही, मग कॅडन्स पन्नाशीच्या खाली आणि सगळा भार गुडघ्यावर. मागे ३४ दात असतील तर त्याच ६० ला साडेसात किमी पुरतो. म्हणून बजेट कमी असेल तर आधी ११-३४ कॅसेट (मागच्या चकत्यांचा संच, ११ ते ३४ दातांचा) घ्या, पेडल नंतर!! तुमचा मागचा डिरेलर (चेन एका चकतीवरून दुसरीवर नेणारा भाग) तेवढं घेतो का ते आधी दुकानात विचारा.

ईएच५०० ला एक बाजू क्लिपची, एक सपाट, त्यामुळे भाजी आणायला चपलेवर पण जाता येतं. वैताग एवढाच की सिग्नल सुटला की बाजू शोधायला खाली बघावं लागतं, मागे पीएमपीची बस हॉर्न वाजवत असते तेव्हा ते नको वाटतं. स्प्रिंगचं टेन्शन सुरुवातीला सगळ्यात कमी ठेवा आणि डावा पाय आधी काढायची सवय लावा, टेकायला कडेची बाजू तीच. पावसात चिखल अडकून क्लिप लागत नाही, जुना टूथब्रश बॅगेत ठेवा.

आणि घरी बसवणार असाल तर डाव्या पेडलचे आटे उलटे असतात, आट्यांना ग्रीस लावल्याशिवाय फिरवू नका.