डेटोना ५००, १९९३ : घाटातल्या निवेदकाच्या कानानं ऐकलेली शर्यत

आधीच सांगतो, मला मोटारींतलं फार कळत नाही. मी भोसरीचा. एरवी एमआयडीसीत नोकरी, आणि चैत्रात यात्रा लागल्या की खेड, आंबेगाव, जुन्नरच्या घाटांत (म्हणजे शर्यतीच्या धावपट्ट्यांवर) बैलगाडा शर्यतींचं निवेदन. अमेरिकेतल्या स्टॉक कार शर्यतीचं हे जुनं रेकॉर्डिंग लावलं ते माइकवरच्या एका माणसासाठी. नेड जॅरेट, आधी ड्रायव्हर आणि मग निवेदक. नासकार, म्हणजे या शर्यती भरवणारी संस्था, तिच्या यूट्यूब चॅनलवर पूर्ण शर्यत फुकटात आहे. तारीख १४ फेब्रुवारी १९९३, गाव फ्लोरिडातलं डेटोना.

ज्यांना यातलं काहीच माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. स्टॉक कार म्हणजे बाहेरून शोरूममधल्या मोटारीसारखी दिसणारी, आतून निव्वळ शर्यतीसाठी बांधलेली गाडी. चार किलोमीटरचा ट्रॅक, ३१ अंशांनी कललेली वळणं, २०० फेऱ्या, आणि सगळा वेळ डावीकडे वळायचं. आमच्याकडे बारी, म्हणजे एका गाड्याची धाव, काही सेकंदांत संपते, झेंडा पडला की निकाल. इथे तीन तास बोलायचं. म्हणजे निवेदकाची खरी परीक्षा सुरुवातीला नाही की शेवटाला नाही, मधल्या रटाळ तासांत आहे.

जॅरेट तिथेच कळतात. शेजारी बसलेले केन स्क्वायर आवाज चढवणारे, शब्दांचे धनी. तिसरे नील बॉनेट, तेही ड्रायव्हर. या दोघांमध्ये जॅरेट शांत. मागची गाडी बंपरला चिकटली की पुढच्या गाडीवरची हवा बिघडते, तिचं मागचं अंग सुटायला लागतं, असल्या गोष्टी ते शेजाऱ्याला सांगावं तशा सांगतात. दक्षिणेकडचा हेल आहे, पहिली काही मिनिटं कान बसत नाही. पण एक वाक्य फुकटचं नाही. आमच्यात निम्मे निवेदक मालकांची नावं आणि बक्षिसांच्या रकमा वाचण्यातच गारद होतात (मीही त्यातलाच, पावती फाडणाऱ्याचं नाव घ्यावंच लागतं).

हा अधिकार आला कुठून? तर हा गडी नॉर्थ कॅरोलिनातल्या न्यूटनचा, जन्म १९३२ चा, घरची लाकूड कापायची गिरणी. वडिलांचा शर्यतीला विरोध, म्हणून आधी मित्राच्या नावावर गाडी चालवली. वडिलांना कळलं तेव्हा ते म्हणाले, चालवायचीच असेल तर स्वतःच्या नावानं चालव. १९५९ मध्ये शुक्रवारी, बँक बंद झाल्यावर, २००० डॉलरचा चेक देऊन एक फोर्ड उचलली. खात्यात पैसे नव्हते. शनिवारी आणि रविवारी दोन शर्यती मारल्या आणि चेकची सोय केली. आपल्याकडे उधारीवर बैल घेऊन घाटाचा राजा झालेले आहेत, त्यामुळे हा किस्सा मला फारच जवळचा वाटतो.

पुढे १९६१ आणि १९६५ ची अजिंक्यपदं, एकूण ५० विजय. १९६५ च्या सदर्न ५०० या शर्यतीत तर दुसऱ्या क्रमांकाला १४ फेऱ्यांनी मागे टाकलं, म्हणजे जवळजवळ ३१ किलोमीटर! पण त्याआधी १९६४ मध्ये शार्लटच्या शर्यतीत त्यांचा आणि ज्युनियर जॉन्सनचा धक्का लागून अपघात झाला, त्यात फायरबॉल रॉबर्ट्स या ड्रायव्हरची गाडी पेटली. जॅरेटनी त्याला जळत्या गाडीतून बाहेर काढायला मदत केली. रॉबर्ट्स काही आठवड्यांनी गेला. १९६६ मध्ये फोर्ड कंपनीनं शर्यतींतून अंग काढून घेतलं आणि जॅरेट अजिंक्यपद नावावर असतानाच निवृत्त झाले, वय ३४. चारचौघांत नीट बोलता यावं म्हणून गाडी चालवायच्या काळातच डेल कार्नेगींचा कोर्स केला होता, तो पुढे रेडिओ-टीव्हीवर कामाला आला. लोक त्यांना 'जंटलमन नेड' म्हणायचे. आमच्याकडे 'नेडअण्णा' झाले असते.

आता शेवटची फेरी, जिच्यासाठी हे रेकॉर्डिंग लोक शोधतात. पुढे डेल अर्नहार्ट, त्या दिवशी १०७ फेऱ्या आघाडीवर राहिलेला. त्याला भिडलेला डेल जॅरेट, म्हणजे यांचाच मुलगा. जेफ बोडाइन मागून रेटा देतो आणि मुलगा पुढे सरकतो. निर्मात्यानं कानात सांगितलं, आता बाप होऊन बोल. स्क्वायर गप्प बसतात, आणि अण्णा मुलाला विजयाच्या रेषेपर्यंत आणतात: आतली बाजू धर, त्याला आत घुसू देऊ नकोस, चल बाळा चल. आई मार्था मैदानातल्या व्हॅनमध्ये बसून बघतेय, तीही दिसते.

माझ्या चुलतभावाचा गाडा जुंपला की मी माइक दुसऱ्याकडे देतो. घाटात पक्षपाताचा संशय आला तर पुढच्या यात्रेला बोलावणं येत नाही. त्यामुळे हे ऐकताना आधी मी सावरून बसलो. पण पटलं. कारण आधीचे तीन तास त्यांनी पोराला एक शब्द जास्त दिला नव्हता, आणि आता तर नाव घेऊन सांगूनच टाकलं की मी कोणाच्या बाजूचा आहे. चोरून झुकणारे वेगळे. नंतर त्यांनी अर्नहार्टला गाठून माफीही मागितली. तो म्हणाला, मीही बाप आहे. मला खरी दाद द्यावीशी वाटते ती स्क्वायरना. इतक्या मोठ्या क्षणी माइक सोडणारा निवेदक मी तरी आमच्या भागात पाहिलेला नाही.

नुसती शेवटच्या फेरीची क्लिप बघू नका, त्यात एक बाप ओरडतोय एवढंच कळतं. किमान शेवटचा तास बघा, आणि हेडफोन लावा. पाचपैकी साडेचार. अर्धा कापला तो चित्रासाठी. टेप जुनी, लांबच्या शॉटमध्ये नंबर वाचता येत नाहीत. हिरवी गाडी जॅरेटच्या पोराची आणि काळी अर्नहार्टची, एवढं लक्षात ठेवलंत तरी भागेल.