बायोस रिसेट: जंपर की बॅटरी?

रॅमचा वेग वाढवायला गेलात आणि स्क्रीन काळीच राहिली, तर बायोस, म्हणजे मदरबोर्डची मूलभूत सेटिंग, मूळपदावर आणायचे दोन मार्ग आहेत: क्लिअर सीमॉसचा जंपर (ही सेटिंग जपणारी मेमरी पुसण्यासाठीच्या छोट्या पिना) किंवा गोल बॅटरी काढणं. सुरुवात दोन्हींत सारखीच. पीसी बंद करा, वायर सॉकेटमधून काढा, मग पॉवर बटण काही सेकंद दाबून धरा, म्हणजे उरलीसुरली वीज निघून जाते.

माझा कौल जंपरला. बोर्डावर 'सीएलआर सीमॉस' किंवा 'जेबॅट१' असं बारीक अक्षरात छापलेलं असतं. दोनच पिना असतील तर स्क्रूड्रायव्हरचं टोक दोन्हींना एकदम पाच-दहा सेकंद टेकवायचं. तीन असतील तर त्यातल्या दोन पिनांवर बसवलेली छोटी टोपी शेजारच्या जोडीवर सरकवून पुन्हा जागेवर आणायची. हे विसरलं तर काही बोर्ड सुरूच होत नाहीत. मात्र चुकीच्या पिना जोडल्या तर नुकसान होऊ शकतं, म्हणून मॅन्युअल समोर हवंच.

बॅटरीत पिना शोधायची भानगड नाही. सीआर२०३२ या गोल बॅटरीची खिट्टी नखाने बाजूला केली की बॅटरी उसळून वर येते. पण पाच-दहा मिनिटं थांबावं लागतं, आणि बऱ्याचदा ती नेमकी ग्राफिक्स कार्डाखाली दडलेली असते! घड्याळ सारखं मागे पडत असेल तर मात्र हाच मार्ग घ्या, नवी बॅटरीही बसवून होईल.

काहीही निवडलं तरी बिटलॉकरची (विंडोजमधली डिस्क कुलूपबंद करणारी सोय) रिकव्हरी की आधी हाताशी ठेवा. रिसेटनंतर विंडोज ती मागू शकतं.