रणांगण, बनगरवाडी की धग : आधी कुठली?

वाचनाची सवय मोडलेल्या माणसाने पुन्हा सुरुवात करायची तर सातशे पानी ऐतिहासिक ठोकळा हातात धरू नये. तो उशाशी पडून राहतो. मी अलीकडे निव्वळ हौसेने काही जुन्या मराठी कादंबऱ्या काढल्या, त्यातल्या दोन अगदी पातळ. विश्राम बेडेकरांची ‘रणांगण’ (1939) आणि व्यंकटेश माडगूळकरांची ‘बनगरवाडी’ (1955). दोन्ही नावं आपण शाळेपासून ऐकत आलोय, त्यामुळे वाचल्यासारखी वाटतात एवढंच.

‘रणांगण’ एका बोटीवर घडते. युरोपातून निघालेली बोट, वर परतीच्या वाटेवरचे हिंदी लोक आणि हिटलरच्या जर्मनीतून जीव घेऊन पळालेले ज्यू. चक्रधर विध्वंस हा मराठी तरुण आणि हॅर्टा ही ज्यू मुलगी यांचं जमतं. त्याला मुंबईला उतरायचंय, तिला पुढे जायचंय. म्हणजे मुदत पहिल्या दिवसापासून ठरलेली. याच ताणामुळे पुस्तक खाली ठेववत नाही, मी एका बैठकीत संपवलं. पण चक्रधर आवडेल याची खात्री देत नाही. आधीच्या प्रेमात उमाने दिलेला धोका तो साऱ्या बायकांच्या नावावर खपवतो, आणि हॅर्टा जीव ओतत असताना हा स्वतःच्याच जखमा कुरवाळत बसतो. मध्ये दोनदा तरी मला त्याच्या कानाखाली द्यावीशी वाटली. बेडेकरांनी त्याला मुद्दाम असा ठेवलाय हे नंतर उमगतं.

खरा चटका वेगळाच आहे. महायुद्ध पेटलं त्याच वर्षी हे पुस्तक निघालं. मागे राहिलेल्या ज्यूंचं पुढे काय होणार, हे लिहिणाऱ्याला ठाऊक असणं शक्य नव्हतं. आपल्याला ठाऊक आहे. त्यामुळे डेकवर खेळणारं एखादं पोर किंवा जेवणाच्या टेबलावरची साधी कुरबूरही आपण धास्तावून वाचतो. बेडेकरांनी कादंबरी म्हणून एवढी एकच लिहिली, याची हळहळ वाटते.

‘बनगरवाडी’ला असली घाई नाही. औंध संस्थानातला एक कोवळा मास्तर माणदेशातल्या धनगरांच्या वाडीवर शाळा चालवायला जातो. बस्स, कथानक म्हणावं तर एवढंच. त्याला आधी पोरं शाळेत आणावी लागतात, मग हळूहळू वाडीच्या साऱ्या भानगडी त्याच्या गळ्यात येतात. कारभारी, आयबू, आनंदा रामोशी हे एकेक जण चार-सहा ओळींत उभे राहतात. वाडीकरांनी खपून तालीम बांधलीय आणि उद्घाटनाला खुद्द औंधचे राजेसाहेब येतात, तो भाग वाचताना मी हसत होतो.

आणि मग शेकूची बायको. शेकूपाशी एकच बैल उरतो, पेरणी तर खोळंबवता येत नाही, तेव्हा जुवाच्या दुसऱ्या बाजूला ती स्वतः खांदा देते. दुसऱ्या कुणी इथे पानभर गहिवर घातला असता. माडगूळकर जे दिसलं तेवढं सांगतात आणि पुढे जातात. पुढे दुष्काळ येतो, तोही याच सुरात.

भाषेची धास्ती नको. मास्तर स्वतः साध्या प्रमाण मराठीत सांगतो, माणदेशी बोली संवादांत येते आणि दोन प्रकरणांत कानात बसते. रोज झोपायच्या आधी दहा-पंधरा पानं वाचणाऱ्याला हे पुस्तक फार सोयीचं, कुठेही थांबा, दुसऱ्या दिवशी धागा सापडतो. ‘रणांगण’चं तसं नाही. तुकडे पाडले की त्याची धार जाते. मुंबई-नागपूरसारखा लांबचा रेल्वेप्रवास असेल तर तेच न्या.

उद्धव शेळक्यांची ‘धग’ (1960) याच सुमारास वाचली. वऱ्हाडातलं शिंप्याचं घर, संसार ओढणारी कौतिक, बिनकामाचा नवरा महादेव, आणि त्यावर त्याला जडलेला महारोग. तिघींत सगळ्यात थोर हीच असेल, वऱ्हाडी संवाद तर लाजवाब. पण सुरुवात हिच्यापासून करू नका, पुस्तक माणसाला पिळून काढतं. शिवाय त्या दोन्हींपेक्षा जाड आहे.

माझं मत विचाराल तर आधी ‘बनगरवाडी’. नात्यातल्या गुंत्यांवरच्या गोष्टी आवडत असतील आणि तापदायक नायक चालत असेल, तर बेलाशक ‘रणांगण’. अमोल पालेकरांचा ‘बनगरवाडी’ (1995) हा चित्रपट चांगला आहे, पण तो मागाहून बघा, नाहीतर कारभाऱ्याचा चेहरा आयता मिळेल. आणि आवृत्ती कुठलीही मिळो, प्रस्तावना असलीच तर ती शेवटी वाचा. शेवट फोडण्यात आपले प्रस्तावनाकार वाकबगार.