माहोम्सचा घोटा की स्मिथचा पाय? दुखापतीतून कुणाचं पुनरागमन मोठं?

जानेवारी 2023 मध्ये जॅक्सनव्हिलविरुद्ध पॅट्रिक माहोम्सचा, म्हणजे अमेरिकन फुटबॉलमधल्या कॅन्सस सिटी संघाच्या क्वार्टरबॅकचा (चेंडू फेकून चढाई चालवणारा खेळाडू), उजवा घोटा मुरगळला. पुढच्या महिन्यात सुपर बोलमध्ये, म्हणजे लीगच्या अंतिम सामन्यात, तोच घोटा पुन्हा दुखावला, मध्यंतराला लंगडतच आत गेला. आणि चौथ्या क्वार्टरमध्ये हाच गडी 26 यार्ड पळाला! फिलाडेल्फियावर 38-35 असा विजय.

अ‍ॅलेक्स स्मिथही क्वार्टरबॅकच, पण त्याचं दुखणं वेगळ्याच जातीचं. नोव्हेंबर 2018 मध्ये नडगीचं हाड कातडी फाडून बाहेर आलं, मग जंतुसंसर्ग. पाय कापावा लागतो की काय, अशी वेळ. 17 शस्त्रक्रिया झाल्या. ऑक्टोबर 2020 मध्ये तो मैदानात उतरला तेव्हा पाय टिकेल का, हीच धाकधूक. करंडक नाही मिळाला, तरी माझं मत स्मिथलाच. गंमत म्हणजे 2017 मध्ये कॅन्सस सिटीत नवख्या माहोम्सच्या पुढे खेळणारा सीनियर हाच.